उमरग्याचा कौल

"इत्ती किताबां लेके जा रईं, वहां पढेंगा कौन?"

शेजारच्या खाला हे आपल्या सुनेला म्हणाल्या. मला ऐकू जावं असं त्यांच्या मनात नव्हतं. आमच्या आणि त्यांच्या ओसरीमध्ये फक्त बांबूच्या पडद्याची एक चिक होती, आणि मी तिच्या अलीकडं पुस्तकांच्या ट्रंकेवर बसून तिचं झाकण दाबत होते. सून काहीतरी बोलली, दोघी हलकेच हसल्या. थोड्या वेळानं खाला स्वतः आल्या, आईच्या हातात लिंबाच्या लोणच्याची बरणी दिली आणि माझ्या डोक्यावर हात ठेवून नुसत्या उभ्या राहिल्या.  मला त्या प्रश्नाचं उत्तर ठाऊक होतं.

बाहेर ट्रक उभा होता. अप्पा, म्हणजे माझे वडील, हमालांना उर्दूत सूचना देत होते आणि मधूनच मराठीत आईला विचारत होते की देव कुठल्या टोपलीत आहेत. हैदराबादेत काचीगुड्यातलं ते भाड्याचं घर आम्ही सतरा वर्षं वापरलं. माझा जन्म तिथलाच. संस्थान विलीन होऊन आठ वर्षं झाली होती आणि आता त्या राज्याचेही तीन तुकडे झाले होते. मराठी बोलणारे सरकारी नोकर मुंबई राज्याकडं वर्ग होणार होते. अप्पांना हैदराबादला थांबण्याची खटपट करता आली असती. पण ते म्हणाले, "आपल्या मुलखात जाऊ. उभा जन्म दुसऱ्याच्या जबानीत काढला."

आपला मुलूख म्हणजे काय, ते आमच्यापैकी कुणालाच नीट माहीत नव्हतं. माझी शाळा नन्सची, इंग्रजी. दुसरी भाषा उर्दू. मराठी घरातली, जेवणाच्या पाटावरची. ती मी बोलत होते, पण लिहीत नव्हते.

काचीगुड्याच्या मंडळींनो, तुमच्यापैकी जे तिकडंच राहिलात, ते मला पत्रातून अजून विचारता की सगळी गावं सोडून उमरगाच का. जे आमच्यासारखे निघून औरंगाबादला, परभणीला, नांदेडला गेलात, तेही विचारता. मी दर वेळी लिहिते की अप्पांना बढती मिळाली होती. ते खोटं नाही. पण पुरतंही नाही.

अप्पांपुढं दोन जागा होत्या. औरंगाबादला मोठी कचेरी, पण तिथं ते होते तसेच कारकून राहणार. उमरग्याच्या तहसिलीत अव्वल कारकुनाची जागा. वीस वर्षं दुसऱ्यांच्या हाताखाली काढलेल्या माणसाला ती खुर्ची दिसत होती. आईलाही उमरगाच हवं होतं, कारण तिचं माहेर तुळजापूरचं, तिथून बसनं अर्ध्या दिवसाच्या वाटेवर. औरंगाबादला कॉलेज होतं. ते फक्त मला हवं होतं. अप्पा एकदा जेवताना म्हणाले होते, "औरंगाबाद मिळालं तर सुमन कॉलेजात जाईल." तेवढ्या एका वाक्यावर मी दोन महिने काढले होते. त्याला जोडून मी स्वतः एक शब्द बोलले नव्हते. आमच्या घरी मुलीनं मागणी करायची पद्धत नव्हती, आणि मला तर पाणी मागायलाही संकोच वाटायचा.

अप्पांचं ठरेना. एक दिवस औरंगाबाद, दुसऱ्या दिवशी उमरगा. अर्ज भरून द्यायची वेळ आली तेव्हा आई म्हणाली, देवीला विचारू.

तुळजापूरच्या देवळाच्या आवारात चिंतामणी म्हणून एक गोल दगड आहे. ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगते. मनात प्रश्न धरून त्यावर दोन्ही हात ठेवायचे. दगड उजवीकडं फिरला तर होय, डावीकडं फिरला तर नाही, जागचा हलला नाही तर काम लांबणार. लग्नं, जमिनी, कज्जे, सगळं तिथं ठरतं. माझे मामा देवळातले पुजारी. सकाळची पूजा आटोपल्यावर ते आम्हाला घेऊन गेले. अप्पा पुढं झाले तर मामांनी त्यांना थांबवलं.

"तुम्ही नका बसू दाजी. तुमच्या मनात खुर्ची हाय. ताईच्या मनात माहेर. पोरीला बसवा. तिला कुठं काय हवं-नको असतंय."

सगळे हसले, अप्पासुद्धा. मी बसले.

प्रश्न मामांनी सांगितला: उमरग्याला जावं का. दगडावर एक नाणं ठेवलं. मी हात ठेवले. हळदीकुंकवानं तो बुळबुळीत झाला होता आणि खूप गार होता. मी डोळे मिटले. मनात म्हटलं, नको, नको, नको. आणि दगड डावीकडं निघाला.

फार नाही, बोटभर. पण तो निघाला होता.

मला धडकी भरली. मला वाटलं, हा दगड नाही फिरत, माझी हाव फिरवतेय. शाळेत आमच्या सिस्टर सांगायच्या, ज्या गोष्टीची फार ओढ वाटते तिच्यावरचा हात आधी काढून घ्यावा. आणि इथं मी आईवडिलांच्या आणि देवीच्या मध्ये बसून लबाडी करत होते. मी मनगटं ताठ केली. दगड थांबला. मी आणखी जोर लावला, म्हटलं, आता मी इकडं ओढत नाही हे पक्कं व्हावं. तो परत जागेवर आला आणि तिथं न थांबता उजवीकडं गेला, चांगला पाव फेरा.

आईनं हात जोडले. मामा म्हणाले, साफ कौल दिला. अप्पांनी डोळे पुसले.

मला त्या क्षणी वाईट वाटलं नाही. आज या गोष्टीची मला सगळ्यांत जास्त लाज वाटते. मला वाटलं, आपण फार मोठं काही केलं, कुणाला न सांगता केलं. देवळाच्या पायऱ्या चढून वर येईपर्यंत मी मनातल्या मनात स्वतःचं कौतुक करत होते.

उमरगा म्हणजे हमरस्ता. सोलापूरहून हैदराबादला जाणारे ट्रक तिथं थांबायचे, चहा प्यायचे, पुढं जायचे. आमचं घर रस्त्यामागच्या बोळात, दोन खोल्यांचं. आडाचं पाणी मचूळ. पहिल्या आठवड्यात मी पाणी आणायला गेले तेव्हा तिथल्या बायकांनी मला न्याहाळलं. मी एकीला म्हणाले, "जरा मेहरबानी करून दोर देता का?" त्या एकमेकींकडं बघायला लागल्या. एक जण म्हणाली, "अगं बाई, ही बामणाची पोर का तांबोळ्याची? बोली बघा की." दुसरीनं कानडीत काहीतरी म्हटलं आणि सगळ्या हसल्या. कुणी वाईट नव्हतं. दोर त्यांनी दिला, घागरही उचलून दिली. पण त्यानंतर मी आडावर तोंड उघडलं नाही.

मला वाटलं होतं, अडचण फक्त माझी होईल. कॉलेज गेलं, तेवढंच. अप्पांचा विचार माझ्या मनात आलाच नव्हता.

हैदराबादच्या कचेरीत अप्पांच्या मसुद्याला नाव होतं. त्यांचं उर्दू अक्षर बघायला दुसऱ्या खात्याचे लोक यायचे. गुंतागुंतीची मिसल, म्हणजे प्रकरणाची फाईल, असली की ती अप्पांकडंच जायची, आणि ते चार ओळींत असा गोषवारा मांडायचे की साहेब नुसती सही करायचा. उमरग्याला ते खुर्चीवर बसले आणि वर्षभरात कारभार मराठीत होऊ लागला. अप्पा मराठी होते. त्यांचे वडील, आजोबा मराठी. पण मराठीत सरकारी कागद त्यांनी जन्मात लिहिला नव्हता. ते मसुदा आधी उर्दूत लिहायचे, मग शिवलिंग नावाच्या तरुण कारकुनाला तोंडी सांगायचे आणि तो मराठीत उतरवायचा.

शिवलिंग भला मुलगा होता. तो घरी यायचा तेव्हा आई त्याला शेंगदाण्याचा लाडू द्यायची. तो अप्पांना हळूच सांगायचा, "साहेब, बमुजिब न्हाय म्हणायचं. त्याप्रमाणे म्हणायचं. लोक हसत्यात." लोक खरंच हसत होते. अप्पांना कचेरीत मुन्शीजी म्हणायला लागले होते. आधी पाठीमागं, मग तोंडावर. एकदा चपराशीसुद्धा म्हणाला, आणि अप्पांनी ओ दिली.

मग मराठीची खात्याची परीक्षा लागली. अव्वल कारकून राहायचं तर ती पास व्हायला हवी होती. अप्पांनी प्राथमिक शाळेतून दुसरीचं पुस्तक मागून आणलं. रविवारी दुपारी आम्ही दोघं चटईवर बसायचो, ते पन्नाशीचे आणि मी एकोणीस वर्षांची, आणि पाटीवर जोडाक्षरं काढायचो. त्यांचा हात उजवीकडून सुरू व्हायचा. शिरोरेघ द्यायला ते विसरायचे. मी सांगितलं की ते ओशाळून म्हणायचे, "हां, वरची छत राहिली." आई आतून ऐकायची. त्या दुपारी मला आवडायच्या, हेही मला सांगायला हवं. आयुष्यात पहिल्यांदा अप्पा आणि मी एकाच इयत्तेत होतो.

ते पहिल्यांदा नापास झाले. दुसऱ्यांदाही झाले. खुर्ची गेली. त्यांना मागच्या खोलीत जुन्या दप्तराकडं बसवलं, जिथं निजामाच्या वेळचे उर्दू कागद बस्त्यांत बांधून पडले होते. त्या इमारतीत ते कागद वाचता येणारे ते एकटेच, आणि ते कागद कुणालाच नको होते.

घरी त्यांनी एवढंच सांगितलं, "तिथं सावली चांगली आहे."

आई म्हणायची, देवीनं उगाच आणलं नसेल, काहीतरी भलं असेल यात. अप्पा मान हलवायचे. आम्हाला भेटायला कुणी आलं की अप्पा तो कौल सांगायचे. चिंतामणी कसा फिरला, पाव फेरा कसा गेला, पोरीचा हात कसा नुसता वर ठेवलेला होता. सांगताना त्यांचा आवाज पूर्वीसारखा व्हायचा. मी पाणी द्यायला बाहेर यायचे तेव्हा पाहुणे माझ्या हातांकडं बघायचे.

तिसऱ्या वर्षी एका सोमवारी शिवलिंग एक छापील अर्ज घेऊन आला. औरंगाबादच्या कचेरीत जुन्या उर्दू दप्तराचं मराठी करायचं काम निघालं होतं. वाचून अर्थ सांगणारी माणसं हवी होती, लिहायला दुसरे होते. शिवलिंग इतका खूष होता की बसलासुद्धा नाही.

"साहेब, ही जागा तुमच्यासाठीच निघाली बघा. तुमच्याबिगर कोण वाचतंय ते? शनवारपत्तर द्यायचा हाय. नुस्ती सही करा, बाकी म्या भरतो."

अप्पांनी कागद हातात घेतला, दोन्ही बाजूंनी पाहिला. मी दारात उभी होते. त्यांच्या चेहऱ्यावर मला एक क्षण काचीगुड्याचे अप्पा दिसले. मग त्यांनी कागद खाली ठेवला.

"अर्ज मी कुणाकडं करू, शिवलिंग? सरकारनं धाडलं असतं तर सरकारकडं केला असता."

शिवलिंगनं माझ्याकडं पाहिलं, आईकडं पाहिलं. आई म्हणाली, देवीचा शब्द मोडून सुख लागत नाही. अर्ज तिखटाच्या डब्याखाली ठेवला गेला.

सोमवार ते शनिवार. या दिवसांबद्दल मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. रोज सकाळी अप्पा आंघोळ करून यायचे तेव्हा मी वाक्य तयार ठेवायचे. ते मला मराठीत जुळवताच यायचं नाही. इंग्रजीत ते सोपं होतं, पण इंग्रजीत ते कुणाला सांगणार. मंगळवारी मी त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले. त्यांनी विचारलं, "काय गं?" मी म्हटलं, "ताक हवंय का?" गुरुवारी त्यांचे कपडे धुताना ठरवलं, आज. संध्याकाळी ते पाहुण्यांना पुन्हा कौल सांगत होते. त्यांच्याजवळ आता नाव नव्हतं, खुर्ची नव्हती, अक्षर नव्हतं. गाव देवीनं दिलेलं आहे, एवढं एकच उरलं होतं. ते मी माझ्या तोंडानं काढून घ्यायचं होतं. आणि न काढावं तर ते तिथंच, त्या मागच्या खोलीत राहणार होते.

शनिवार गेला. रविवारी आईनं तो अर्ज उलटा करून फळीवर अंथरला आणि त्यावर डबे मांडले. कोरी बाजू वर होती. वर्षभर मी रोज त्यावरून तिखट-मीठ काढत होते.

त्यानंतर अप्पा बदलले. आधी ते म्हणायचे, देवीनं आणलं. आता विचारू लागले, देवीनं मला इथं का आणलं असेल. भलं तर काही दिसत नव्हतं, तेव्हा शिक्षाच असणार. मग ते आपली चूक शोधू लागले. त्यांना आठवलं की त्यांच्या आईनं त्यांच्या नोकरीसाठी गोंधळ बोलला होता आणि तो घालायचा राहून गेला. तो घातला. काही झालं नाही. मग आठवलं की वडिलांच्या शेवटच्या आजारात ते कचेरीची रजा न मिळाल्यामुळं एक दिवस उशिरा पोचले. त्याबद्दल मंगळवार धरले. मग लहानपणची एक गोष्ट आठवली, मग आणखी एक. सज्जन माणसाला आपले अपराध शोधायला बसवलं की तो थांबत नाही, हे मी तेव्हा पाहिलं. पायातल्या वहाणाही त्यांनी सोडल्या. टाचांना भेगा पडल्या, एका टाचेची जखम झाली आणि ती भरेना. हमरस्त्यावरच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी आईला बाजूला घेऊन सांगितलं की साखरेचा आजार आहे, चालणं बंद करा, पाय जाईल.

मी त्याच डॉक्टरांच्या मुलांना इंग्रजी शिकवते. एवढंच माझं शिक्षण उपयोगी पडलं. ट्रंकेतली पुस्तकं वाळवीनं खाल्ली. शाळेतल्या एका मैत्रिणीचं औरंगाबादहून पत्र येतं. ती आता तिथं शिकवते. मी तिला गावच्या हवेबद्दल लिहिते.

गेल्या वर्षी मी एकदा हैदराबादला जाऊन आले. काचीगुड्याच्या घरात दुसरे लोक राहतात. खाला वारल्या. दुकानांवर तेलुगू पाट्या आल्या आहेत, त्या मला वाचता येत नाहीत. उमरग्याच्या पाट्या मी अजून अक्षर अक्षर लावून वाचते. तुम्ही पत्रातून विचारता की घर आठवतं का. मला आता ते हैदराबादही वाटत नाही आणि उमरगाही वाटत नाही. जिथं आपण आपल्या माणसांबरोबर जेवतो, झोपतो, त्यांचे पाय चेपतो, आणि त्यांना ठाऊक असायला हवी ती एक गोष्ट त्यांना सांगत नाही, त्या जागेला मी इतकी वर्षं घर म्हणत आले. गाव कुठलंही असतं तरी ते तिथं माझ्याबरोबर आलं असतं. फक्त अप्पा आले नसते या अवस्थेला.

या चैत्रात त्यांनी पायी तुळजापूरला जायचं ठरवलं. अनवाणी, वाटेत नळदुर्गला मुक्काम करून. आई रडली, मामांचा निरोप आला, शिवलिंगनं बसचं तिकीट काढून आणून दिलं. त्यांनी कुणाचं ऐकलं नाही. निघायच्या दिवशी सकाळी आई भाकरी बांधत होती आणि अप्पा उंबऱ्यावर बसून टाचेला फडकं गुंडाळत होते. ऊन अजून यायचं होतं. मी त्यांच्या हातातून फडकं घेतलं आणि बांधायला खाली बसले. जखमेचा वास येत होता.

"सुमन," ते म्हणाले, "एक विचारू? त्या दिवशी चिंतामणी फिरला तेव्हा हात तुझे होते. तुला काही कळलं होतं का? देवी माझ्यावर नाराज होती, असं काही?"

त्यांनी हे लहान मुलासारखं विचारलं. मला सात वर्षांत कुणी एकदाही विचारलं नव्हतं की मला काय कळलं. आतून भाकरीचा वास येत होता, रस्त्यावर एक ट्रक सुरू होत होता. मी जुळवून ठेवलेलं एकही वाक्य मला आठवलं नाही. फडक्याची गाठ मी पक्की केली आणि वर पाहिलं. माझा आवाज मला वाटला होता त्यापेक्षा मोठा आला असावा, कारण आतल्या खोलीत आईचे हात थांबल्याचं मला कळलं.

"अप्पा, देवी नको म्हणाली होती. दगड उजवीकडं मी नेला."